स्वमग्न मूल मोठे होते तेव्हा: बालपणापासून प्रौढपणापर्यंतच्या आधाराविषयी

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात १९३३ मध्ये डोनाल्ड ट्रिप्लेट यांचा जन्म झाला. हा मुलगा माणसांकडे फारसे लक्ष देत नसे, हाती लागेल ती वस्तू भोवऱ्यासारखी फिरवत बसे, ऐकलेली प्रार्थना किंवा गाणे जसेच्या तसे म्हणून दाखवी आणि रोजच्या क्रमात थोडा बदल झाला की आकांत करी. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला वयाच्या तिसऱ्या वर्षी घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. साधारण वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत घरी आणले आणि १९३८ मध्ये बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना दाखवले. कॅनर यांनी १९४३ मध्ये अशाच अकरा मुलांविषयी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात पहिले वर्णन डोनाल्डचे होते, आणि आज आपण जिला ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो त्या स्थितीची स्वतंत्र ओळख वैद्यकशास्त्रात या निबंधानंतर रूढ झाली.

निदानाची ही हकीकत अनेक ठिकाणी वाचायला मिळते, परंतु पालकांना अधिक उपयोगी पडेल तो भाग त्यानंतरचा आहे. डोनाल्ड नऊ वर्षांचा असताना त्याला जवळच राहणाऱ्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला पाठवण्यात आले. त्याला वस्तू मोजण्याचा विलक्षण नाद होता. या जोडप्याने तो नाद मोडून काढण्याच्या फंदात न पडता त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली मोजून सांगण्याचे काम त्याच्यावर सोपवले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत राही, तेव्हा नांगर हाती देऊन नांगरता नांगरता त्या मोजायला सांगितले. मेलेले पक्षी आणि किडे तो गोळा करी, तर शेतातील एक कोपरा त्यांच्या दफनासाठी नेमून दिला. तेथे डोनाल्ड प्रत्येक थडग्यावर नावाची पाटी लावी आणि तिच्यावर आडनाव मात्र त्या शेतकऱ्याचेच लिही. कॅनर तेथे जाऊन हे सारे पाहून आले आणि त्या दोघांच्या शहाणपणाने थक्क झाले. पुढे डोनाल्ड यांनी महाविद्यालयीन पदवी घेतली, गावातील बँकेत अनेक वर्षे नोकरी केली, ते गाडी चालवायला आणि गोल्फ खेळायला शिकले, एकट्याने देशोदेशी फिरले आणि २०२३ मध्ये ८९व्या वर्षी वारले. पहिल्या अकरांपैकी सर्वांच्या वाट्याला असे आयुष्य आले नाही. कॅनर यांनी १९७१ मध्ये या सर्वांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा मोठ्या सरकारी मनोरुग्णालयांत टाकली गेलेली मुले तेथेच विझत गेल्याचे त्यांना आढळले, आणि असा प्रवेश म्हणजे जणू जन्मठेपच, असे त्यांनी नोंदवले.

डोनाल्ड यांच्या घरी पैसा होता आणि गावात कुटुंबाचा मान होता, हे विसरून चालणार नाही. तरीही त्या शेतावर जे घडले त्याला पैसा लागला नव्हता. मुलाचा स्वभाव जसा आहे तसा ओळखायचा आणि त्या स्वभावाला मोठेपणी उपयोगी पडेल असे काम जोडून द्यायचे, एवढेच तेथे घडले. आपल्याकडे ऑटिझमचे निदान झाल्यावर कुटुंबाची बहुतेक शक्ती, बहुतेक पैसा आणि बहुतेक आशा पहिल्या सहा-सात वर्षांत खर्ची पडते. त्यानंतर जे आयुष्य उरते ते पन्नास-साठ वर्षांचे असते, आणि त्याचा विचार मात्र मूल अठरा वर्षांचे झाल्यावर घाईघाईने सुरू होतो. तो तिसऱ्या वर्षापासूनच व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील सर्व माहिती त्याच दृष्टीने मांडली आहे.

ऑटिझम म्हणजे नेमके काय

‘स्वमग्नता’ हा मराठी शब्द आता चांगलाच रुळला आहे आणि या लेखातही तो येणार आहे, परंतु तो थोडासा फसवा आहे. हे मूल स्वतःतच बुडालेले आहे, त्याला बाहेरच्या जगाशी देणेघेणे नाही, असा अर्थ त्यातून ध्वनित होतो. प्रत्यक्षात अनेकदा बाहेरचे जग या मुलांवर फार जोराने आदळत असते. समजा, संध्याकाळची वेळ आहे, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, दिवाणखान्यात दूरदर्शन संच चालू आहे, वरचा पंखा कुरकुरतो आहे, सदऱ्याच्या मागचे लेबल मानेला टोचते आहे आणि नेमक्या त्याच वेळी आजी विचारते, “बाळा, आज शाळेत काय झालं?” आपला मेंदू यातील चार गोष्टी नकळत मागे सारतो आणि आजीचा प्रश्न तेवढा पुढे घेतो. स्वमग्न मुलाच्या मेंदूत ही निवड सहजी होत नाही, सगळेच आवाज आणि स्पर्श सारख्याच जोराने येतात, आणि मग ते कानांवर हात ठेवते, किंचाळते किंवा पलंगाखाली जाऊन बसते. याउलट काही मुलांना संवेदना कमी पोहोचतात; ती गोल गोल फिरतात, उड्या मारतात, अंगाला घट्ट दाब मागतात.

निदानासाठी मुख्यतः दोन बाबी पाहिल्या जातात. पहिली म्हणजे इतरांशी संवाद साधण्यात आणि नाते जोडण्यात सतत जाणवणारी अडचण, आणि दुसरी म्हणजे वागण्यातील, आवडीनिवडींतील किंवा संवेदनांतील तोचतोचपणा व आग्रह. या दोन्ही गोष्टी लहानपणापासून असाव्या लागतात. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत पूर्वीचे वेगवेगळे उपप्रकार, ॲस्पर्गर (बोलणे वेळेवर येते असा प्रकार) धरून, एकाच नावाखाली आणले आणि त्याला वर्णपटाची (स्पेक्ट्रमची) उपमा दिली. त्यामुळे ज्याला आयुष्यभर एक शब्दही बोलता येत नाही तो तरुण आणि जी उत्तम संगणक अभियंता आहे पण कचेरीतील गप्पांनी थकून जाते ती तरुणी, या दोघांनाही हेच निदान लागू होऊ शकते. ‘ऑटिझम असलेल्या एका व्यक्तीला तुम्ही ओळखता, म्हणजे फक्त त्या एकाच व्यक्तीला ओळखता’ असे या क्षेत्रात म्हणतात, आणि ते शब्दशः खरे आहे.

कारणांविषयी एक-दोन गोष्टी स्पष्टच सांगायला हव्यात. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि त्यात अनेक जनुके गुंतलेली असतात. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हा एके काळी पुढारलेल्या देशांतही मानला गेलेला सिद्धांत सर्वस्वी चुकीचा ठरला आहे. आपल्याकडे सासरच्या मंडळींकडून ‘नोकरी करत होतीस म्हणून झालं’ किंवा ‘मोबाइल दिलास म्हणून झालं’ असे जे ऐकवले जाते, ते त्याच जुन्या दोषारोपाचे नवे रूप आहे. लसीमुळे ऑटिझम होतो, हा दावा १९९८ मधील ज्या निबंधावरून पसरला तो निबंध ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

पहिली वर्षे: निदान, घर आणि भाषा

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, हवी असलेली वस्तू बोटाने दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचे स्वतःचे वाक्य बोलत नसेल, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गमावत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना वेळ न दवडता दाखवावे. ‘याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले’ हे वाक्य मराठी घरांत फार ऐकू येते आणि त्यापायी मोलाची दोन वर्षे हातची जातात. तपासणीत काही निघाले नाही तर काहीच बिघडत नाही. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची माहिती ठेवावी. २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्या पालघरमध्येच झाली होती. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते आणि विकासातील विलंब आढळल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी भारतीय मुलांना डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेली चाळीस मुद्द्यांची एक मोजपट्टी वापरात आली. तिच्यात सत्तरपासून पुढे गुण आले की ऑटिझम धरला जातो. मात्र हा आकडा प्रमाणपत्रासाठी आहे. त्यावरून मुलाचे भवितव्य वाचू नये.

निदानानंतर पहिला प्रश्न येतो तो थेरपीचा. वाचा-भाषा उपचार, व्यवसायोपचार (रोजची कामे जमावीत म्हणून दिला जाणारा उपचार) आणि विशेष शिक्षण यांचा उपयोग निश्चित होतो, पण आठवड्यातील दोन-तीन तासांवर सगळी भिस्त ठेवता येत नाही, कारण मूल उरलेला सारा वेळ घरीच असते. या संदर्भात गोव्यात झालेले काम मला फार मोलाचे वाटते. संगाथ या गोव्यातील संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी मिळून ६५ मुलांच्या कुटुंबांसह एक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञांची वानवा लक्षात घेऊन त्यांनी तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना घरोघर पाठवले. पालक आणि मूल खेळत असताना कार्यकर्ती थोडा वेळ चित्रण करी आणि मग ती आणि पालक मिळून ते चित्रण पाहत.

त्या चित्रणात काय दिसत असेल, याची कल्पना करून पाहावी. मूल स्टीलच्या डब्याचे झाकण फरशीवर गरगर फिरवते आहे आणि आई चेंडू पुढे करून विचारते आहे, “हा कोणता रंग? सांग ना, कोणता रंग?” मूल मान वर करत नाही. एका क्षणी झाकण थांबते आणि मूल आईकडे ओझरते पाहते, पण आईचे लक्ष तेव्हा दुसरे खेळणे शोधण्यात असते. ती नजर खेळताना कुणालाच दिसलेली नसते. चित्रण थांबवल्यावर ती आईला दिसते. पुढच्या वेळी ती चेंडू बाजूला ठेवते, मुलासमोर बसते, झाकण थांबेपर्यंत गप्प राहते आणि मुलाने पाहिले की म्हणते, “थांबलं!” संवाद येथे सुरू होतो. त्या चाचणीत पालक मुलाच्या लयीने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवादाला सुरुवात अधिक वेळा करू लागली. याला महागडी साधने लागत नाहीत, पण कुणीतरी शेजारी बसून दाखवून द्यावे मात्र लागते.

भाषेविषयी एक चुकीचा सल्ला अनेक मराठी कुटुंबांना दिला जातो, विशेषतः परदेशी राहणाऱ्यांना: मुलाशी फक्त इंग्रजीत बोला, दोन भाषांनी ते गोंधळेल. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाला अपाय होतो, असे संशोधनात आढळलेले नाही. आईने ज्या भाषेत अंगाई म्हटली, ती सोडून तुटक परक्या भाषेत बोलायचे म्हटले की घरातील बोलणेच आटते, आजीआजोबा मुके होतात, आणि मुलाला जी भाषा भरपूर ऐकायला मिळाली असती तीही मिळत नाही.

ज्यांना बोलता येत नाही त्यांना चित्रे, खुणा किंवा टॅबवरील चित्रफलक द्यावा. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे विनामूल्य ॲप मराठीतही चालते. चित्रांची सवय लागली तर मूल कधी बोलणारच नाही, ही पालकांची भीती समजण्यासारखी आहे, पण अनुभव आणि अभ्यास दोन्ही तिच्या विरुद्ध आहेत. मागणे मांडता येऊ लागले की आदळआपट कमी होते आणि काही मुलांत शब्दही फुटतात. मोठेपणाच्या दृष्टीने पाहिले तर ‘नको’, ‘दुखतंय’ आणि ‘मदत कर’ या तीन गोष्टी कोणत्याही मार्गाने सांगता येणे, हे शंभरपर्यंत आकडे म्हणता येण्यापेक्षा किती तरी महत्त्वाचे आहे.

बरे करण्याची हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे. ऑटिझम बरा करणारे औषध नाही. तीव्र चिडचिड किंवा स्वतःला इजा करणे यांसाठी काही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात, एवढेच. मूलपेशींच्या (स्टेम सेल) उपचारांची ऑटिझमसाठी शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, तरी त्यापायी घरे गहाण टाकणारे पालक आहेत. तो पैसा मुलाच्या चाळिशीसाठी लागणार आहे.

शाळा आणि वाढते वय

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यातील एकवीस अपंगत्वांमध्ये ऑटिझमचा समावेश आहे, आणि ज्यांचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा अधिक आहे अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात, पण त्यांचे अर्ज दहावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावेत. सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. वर्गात मूल नुसते बसून राहते की त्याला काही करायला मिळते, हे जाऊन पाहावे. दिवसाचा क्रम चित्रांनी फळ्यावर लावणे, बदल होणार असेल तर आदल्या दिवशी सांगणे, गोंगाट असह्य झाल्यास ग्रंथालयात दहा मिनिटे बसू देणे, या गोष्टी कोणत्याही शाळेला करता येतात आणि त्यांचा लाभ इतर मुलांनाही होतो.

वागण्याच्या तक्रारींबाबत एक नियम पालकांनी आणि शिक्षकांनी मनावर कोरून ठेवावा: वागणे अचानक बिघडले, तर प्रथम शरीर तपासावे. न बोलणारा बारा वर्षांचा मुलगा आठवडाभर गालावर थपडा मारून घेत असेल, तर त्याला शिस्त लावण्याआधी त्याचे तोंड उघडून दाढ पाहावी. बद्धकोष्ठता, कानदुखी, अपुरी झोप यांचेही असेच होते. पौगंडावस्थेत काही मुलांत फेफरे सुरू होते. क्षणभर हरवल्यासारखे पाहणे वारंवार दिसू लागले तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

दहा ते अठरा ही वर्षे मला सर्वांत दुर्लक्षित वाटतात. थेरपी बहुधा थांबलेली असते, अभ्यासाचे ओझे वाढलेले असते आणि शरीर बदलू लागलेले असते. पाच वर्षांचा मुलगा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मिठी मारतो तेव्हा सगळे कौतुक करतात. पंधराव्या वर्षी तेच केले तर त्याच्यावर भलता आळ येतो, आणि नियम का बदलला हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. म्हणून पाचव्या वर्षीच नमस्कार करायला शिकवावे. कपडे कोठे बदलायचे, दार कधी लावायचे, शरीराच्या कोणत्या भागाला डॉक्टर आणि ठरलेली माणसे वगळता कुणी हात लावायचा नाही, हे चित्रांनी, नेमक्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगावे. दिव्यांग मुलांवर अत्याचार होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, आणि जे मूल मोठ्यांचे सर्व काही निमूट ऐकते ते सर्वांत असुरक्षित असते. त्याचे ‘नको’ घरात मानले गेले, तरच ते बाहेर वापरील.

मुलींच्या बाबतीत पाळी येण्याच्या वर्षभर आधीपासून तयारी करावी. पॅडचा स्पर्श सवयीचा व्हावा म्हणून अधूनमधून ते कोरडेच लावून पाहावे, अंतर्वस्त्रावर पॅड ठेवण्याच्या जागेची रूपरेषा पक्क्या रंगाने आखून द्यावी, लाल रंगाचे पाणी टाकून बदलण्याचा सराव करून घ्यावा, आणि स्नानगृहाच्या दारामागे पायऱ्यांची चित्रे लावावीत. हीच पद्धत दाढी करणे, अंघोळ, भात लावणे, किराणा आणणे अशा सर्व कामांना लागू पडते. काम लहान पायऱ्यांत मोडायचे, आधी शेवटची पायरी मुलाला करू द्यायची म्हणजे काम पूर्ण झाल्याचे समाधान त्याला मिळते, आणि मग एकेक पायरी मागे जात आपला हात काढून घ्यायचा. आईला स्वतः केले तर दोन मिनिटांत होते, हे खरे आहे. पण त्या दोन मिनिटांची किंमत पुढे तिसाव्या वर्षी मोजावी लागते.

मुलींविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. अनेक मुली इतरांचे पाहून हसणे, बोलणे, डोळ्याला डोळा भिडवणे बेतून घेतात आणि त्यामुळे त्यांचे निदान हुकते. बाहेर शहाण्यासारखी वागणारी मुलगी घरी येताच कोसळत असेल, तर तिला नाटकी म्हणू नये. कित्येक स्त्रियांना आपल्या मुलाचे निदान होताना स्वतःचे बालपण आठवते आणि तिशी-चाळिशीत कोडे सुटते.

अठरा पूर्ण झाल्यावर

अठराव्या वाढदिवशी कायद्याच्या दृष्टीने मूल सज्ञान होते आणि आईवडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. बँकेत, मालमत्तेच्या नोंदणीत किंवा शस्त्रक्रियेच्या संमतीच्या वेळी हे पालकांना अचानक कळते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला आणि त्याखाली राष्ट्रीय न्यास ही सरकारी संस्था उभी राहिली. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, तिच्यात जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे सदस्य असतात, आणि ती कायदेशीर पालक नेमू शकते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाचीही सोय आहे. त्यात ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार पालक आणि ती व्यक्ती असे दोघे मिळून निर्णय घेतात. भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, त्याचा कल याच बाजूला आहे. ज्या तरुणाला मदतीने का होईना आपले निर्णय घेता येतात, त्याच्यावर संपूर्ण पालकत्व लादू नये. समितीकडे अर्ज करण्यापूर्वी त्याला नेमके कोणते निर्णय एकट्याने झेपत नाहीत, याची यादी घरी बसून करावी. ती वाटते त्यापेक्षा लहान निघते.

कागदपत्रांचे काम रुक्ष असले तरी टाळू नये. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र काढून घ्यावे. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, तिच्यासाठी आधी वैद्यकीय चाचणी लागत नाही आणि नियमित थेरपीचा खर्चही तिच्यात बसतो. पालक सरकारी नोकरीत असतील तर त्यांनी अपत्याच्या अपंगत्वाची नोंद सेवेत असतानाच करून ठेवावी, कारण स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते आणि पालकांच्या पश्चात ही धावपळ करणारे कुणी नसते.

शाळा संपली की मात्र मोठी पोकळी येते. सकाळी साडेसातला गणवेश घालून निघणारा मुलगा एका दिवसात घरी बसतो. ना गाडी येते, ना डबा भरावा लागतो, आणि तो दप्तर घेऊन दाराशी उभा राहतो. काही महिन्यांत शिकलेल्या गोष्टी विसरायला लागतात, वजन वाढते, चिडचिड वाढते, आणि आईचीही नोकरी सुटते. म्हणून शाळेच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत, आठवड्यातून एक-दोन दिवस, पुढे जेथे जायचे आहे तेथे जाणे सुरू करावे. पुण्या-मुंबईत पालकांनीच पुढाकार घेऊन उभारलेल्या कार्यशाळा आहेत. तेथे दिवाळीच्या पणत्या रंगवणे, उटण्याची पाकिटे भरणे, कागदी पिशव्या करणे अशी कामे चालतात. त्यांचे मोल मी कमी मानत नाही, पण प्रत्येकाला पणत्याच रंगवायला लावणे हाही अन्यायच आहे. ज्याला लोकलचे वेळापत्रक तोंडपाठ आहे, ज्याला हजार ओळींतील एक चुकीचा आकडा खुपतो, ज्याला पुस्तके क्रमाने लावल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला त्या नादाला साजेसे काम शोधून द्यावे. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ मध्ये ऑटिझम असलेल्यांना नोकरी देण्याचा जो कार्यक्रम सुरू केला, त्यात बंगळूरच्या कार्यालयाचा सुरुवातीपासून सहभाग होता. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार आणि अशाच इतर गटांसाठी आहे.

नोकरी टिकते ती बहुधा लहान गोष्टींवर. मुलाखतीत ‘स्वतःविषयी सांगा’ असे विचारण्याऐवजी काम करून दाखवायला सांगावे, सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात, पहिले काही आठवडे शेजारी मार्गदर्शक असावा, आणि जेवणाच्या सुट्टीत एकट्याने बसायची मुभा असावी. ‘जरा हे बघून घे’ या वाक्याचा अर्थ नेमका काय, हे स्वमग्न कर्मचाऱ्याला कळत नाही, आणि खरे तर इतरांनाही तो अंदाजानेच कळलेला असतो.

आमच्यानंतर काय

हा प्रश्न पालक सहसा मोठ्याने विचारत नाहीत, पण तो निदानाच्या दिवसापासून मनात असतो. बहीणभाऊ सांभाळतील, असे गृहीत धरले जाते, मात्र त्यांना विचारले जात नाही. ती मोकळी चर्चा त्यांच्या लग्नाआधी व्हावी, आणि ‘मी देखरेख करीन, पण माझ्या घरी ठेवू शकणार नाही’ हे उत्तरही मनापासून स्वीकारावे, कारण देखरेख करणारा माणूस असणे ही फार मोठी गोष्ट आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेखाली प्रौढांसाठी सामूहिक घरे चालतात, पण गरजेच्या मानाने ती अगदी थोडी आहेत. म्हणूनच पाच-सहा कुटुंबांनी एकत्र येऊन जवळजवळ सदनिका घेणे आणि मदतनीस वाटून घेणे, हा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. पैशाची व्यवस्था मृत्युपत्राने आणि विश्वस्तनिधीने करावी. मालमत्ता थेट मुलाच्या नावे करून ठेवली तर ती कुणीही गोड बोलून काढून घेऊ शकतो.

या सगळ्या कागदांबरोबर एक साधी दोनशे पानी वही ठेवावी, आणि ती मूल लहान असल्यापासून दरवर्षी नव्याने लिहावी. तिच्यात औषधांची नावे आणि फेफरे आल्यास काय करायचे हे असावेच, पण त्याहून अधिक म्हणजे आईलाच ठाऊक असलेल्या गोष्टी असाव्यात: चहा स्टीलच्या पेल्यातच लागतो, केस कापायला मंगळवारी दुपारी न्यावे, तेव्हा दुकान रिकामे असते, मान डावीकडे वळवून हसतो तेव्हा घाबरलेला असतो, ‘गाडी गेली’ असे म्हणतो तेव्हा त्याला घरी जायचे असते. ज्याची ही वही आहे त्याच्यासमोरच ती लिहावी आणि शक्य असेल तेवढी पाने त्याच्याकडून भरून घ्यावीत, मग ती शब्दांनी भरो की चित्रांनी. लिहून झाली की वर्षातून एकदा ती मामाच्या, मावशीच्या किंवा जो कुणी पुढे सांभाळणार आहे त्याच्या हाती देऊन आईवडिलांनी दोन रात्रींसाठी बाहेरगावी जावे. परत आल्यावर त्याला विचारावे की कोणत्या वेळी अडलास, आणि ती गोष्ट त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी.